हुंगणबाईंचं नाक

सरकारी प्रयोगशाळेतल्या हुंगणबाईंचं नाक म्हणजे नाक नव्हतं, हेरखातं होतं. तिसऱ्या मजल्यावर बसून त्या सांगत, की खाली फाटकावरच्या पहारेकऱ्याने आज दात घासलेत की नुसतीच चूळ भरलीय. एकदा साहेबांच्या कोटाची बाही हुंगून त्यांनी साहेबांच्या सासूबाईंचं दुखणं सांगितलं. सासूबाई तेव्हा दोनशे मैलांवर होत्या आणि ठणठणीत होत्या. आठवड्याने आडव्या झाल्या. ज्याला खोटं वाटेल त्याने सासूबाईंना विचारावं.

म्हणून वाफेच्या सिगारेटींचा कायदा झाला, तेव्हा ते काम बाईंच्याच गळ्यात पडलं. कायदा सरळ होता. मोठ्यांनी खुशाल ओढावं, पण वाफेला फळांचा नाहीतर गोळ्या-चॉकलेटांचा वास असेल तर तो माल बंद, कारण त्या वासाला भुलतात ती शाळकरी पोरं. कंपन्या काय, प्रत्येक अर्जावर ‘साधी तंबाखू’ लिहून मोकळ्या. खरं-खोटं ठरवायचं बाईंच्या नाकाने.

काम ओकारी आणणारं. बाजारातले नमुने परवडले, पण शाळांच्या संडासांतून जप्त केलेल्या नळ्या यायच्या. तोंडाशी दातांचे व्रण, वाळलेली थुंकी, कुणाचा तरी केस, खिशातला चिकट कचरा. आतला रस गळून सगळं बरबटलेलं, खोकल्याच्या औषधात अत्तर ओतून आटवावं तसं. बाई दिवसाला चाळीस हुंगायच्या. पुढे पुढे घरचं वरणसुद्धा स्ट्रॉबेरीचं लागायला लागलं. आणि दोन वर्षांनी एका सकाळी हातभरावरच्या शेगडीवर दूध करपून कोळसा झालं, तरी बाई शांतपणे पेपर वाचत होत्या. नाक गेलं होतं.

त्या कुणाला बोलल्या नाहीत. त्यांच्या खुर्चीवर साहेबांचा मेव्हणा टपून बसला होता. त्याला शेण आणि गुलाबपाणी यांतला फरक डोळे उघडे ठेवूनच कळायचा, आणि कंपनीवाल्यांशी त्याची गळामिठी. तो बसला तर सगळंच ‘साधी तंबाखू’ ठरणार.

तेव्हा बाईंनी डोकं चालवलं. नमुन्याच्या रसात टीपकागदाच्या पट्ट्या बुडवायच्या, बाटलीत घालायच्या आणि घरी न्यायच्या. घरी तेरा वर्षांची लेक होती, आणि नाक आईचंच घेऊन आली होती.

“बघ गं, कशासारखं?”

“कलिंगड. मागून पुदिना.”

“आणि हे?”

“बबलगम. आई, हे साधी तंबाखू म्हणून खपवतात? लाज नाही वाटत?”

आठ महिन्यांत एकतीस माल बंद झाले. कचेरीत बाईंचा सत्कार झाला. लेकीचा कुठे उल्लेख नव्हता, तो कसा असणार?

मग एका संध्याकाळी बाईंनी नवी पट्टी आणली. मालाचं नाव ‘ढगपरी’, उद्याच निकाल. लेकीने अभ्यासाच्या वहीवरून मान न उचलता हुंगलं.

“कापूसमिठाई. पहिल्यापेक्षा बरी केलीय. घशाला कमी लागते.”

बाईंनी बाटलीचं झाकण लावता लावता हात थांबवला. “कागद हुंगून घशाला कसं कळलं?”

लेकीने वहीचं पान उलटलं.

“कधीपासून?”

“तूच आणायचीस ना,” लेक वहीकडे बघतच म्हणाली. “एवढं छान घरात आणायचं आणि नुसतं हुंग म्हणायचं. माझ्या वर्गातल्या मुलींकडे ते खरं असतं.”

बाईंनी तिची उशी नाकाला लावली, केस नाकाला लावले. काही नाही. गादीखाली ढगपरीच्या अकरा नळ्या निघाल्या, चावून चावून तोंडं चपटी झालेल्या. आठ महिने पोर त्या वासात झोपत होती आणि शेजारी आई घोरत होती. बाईंना कंपन्यांची किळस जुनीच होती. त्या रात्री स्वतःची आली, आणि ती धुतली जाईना.

दुसऱ्या दिवशी मेजापलीकडे साहेब, शेजारी कंपनीचा गुळगुळीत माणूस. बाई उभ्या राहिल्या.

“साहेब, माझं नाक गेलंय. गेले आठ महिने माझी लेक हुंगतेय. तेरा वर्षांची आहे. तिला यांच्या ढगपरीचं व्यसन लागलंय.”

कंपनीचा माणूस चटकन पुढे सरकला. “म्हणजे आधीचे एकतीस निकाल—”

“निकालांना काय झालंय?” साहेब म्हणाले. “नाक घरातलंच आहे. कुणाचं असावं, वय किती असावं, नियमात कुठं लिहिलंय? बाई, असं करा. शाळा सुटली की मुलीला इथेच आणत जा. छोटी खुर्ची मागवू.”

“आमची हरकत नाही,” कंपनीचा माणूस समजूतदारपणे म्हणाला. “गिऱ्हाइकाचं मत आम्ही नेहमीच मोलाचं मानतो.”

बाईंनी गादीखालची एक नळी पिशवीतून काढली आणि लेकीच्या दातांच्या व्रणांसकट साहेबांच्या चहात बुडवली. “हुंगा,” त्या म्हणाल्या. दोघांपैकी कुणी वाकलं नाही. बाईंनी राजीनामा तिथेच खरडला. दुपारपर्यंत मेव्हणा खुर्चीत बसला होता, आणि ढगपरीला साधी तंबाखू म्हणून शिक्का मिळाला होता.

बाई शाळेच्या फाटकाशी जाऊन थांबल्या. मुलींचा घोळका बाहेर आला. बाईंनी लेकीचा हात धरला. लेकीने तो हिसकून घ्यायला पाहिला.

“सोड ना. सगळ्या बघतायत.”

“बघू देत.”

दोन चौक लेक फणफणत, पाय आपटत चालली. तिसऱ्या चौकात आवाज अगदी लाडिक झाला.

“आई, एक पट्टी दे ना. नुसती हुंगते.”

बाईंनी हात आणखी घट्ट धरला आणि चालण्याचा वेग वाढवला.