पाच हाडं

छोंगबाच्या उजव्या पायाची बोटं वैशाखात हिमालयावर गारठून काळी पडली, तेव्हापासून फुर्डिकीनं काठमांडूच्या स्तूपापाशी रोज तुपाचा दिवा लावला. नऊ आठवडे. पण मागायचं काय, तेच तिला कळेना! बोटं वाचव म्हणावं, तर बोटं वाचली की दसैंच्या सणानंतर हा गडी पुन्हा गिर्यारोहकांचे दोर घेऊन वर जाणार. मोहिमेच्या सरदारानं, आङ गेलूनं, त्याचं नाव लिहूनही ठेवलं होतं. बोटं जाऊ देत म्हणावं, तर नवऱ्याच्या पायासाठी असं मागणारी ती कसली बायको? शेवटी ती नुसती हात जोडायची आणि उठायची.

आज निकाल होता. डॉक्टरीणबाईंनी पायाचा फोटो उजेडावर धरला.

"बोटांची हाडं मोजा, छोंगबा दाजू. अंगठ्याची दोन, बाकीच्यांची तीन-तीन. चौदा. त्यातली पाच मेलीत. करंगळी सगळी जाईल, शेजारच्या दोन बोटांची टोकं जातील."

"आणि चालणं?" फुर्डिकीच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"चालतील, ओझं उचलतील, नाचतीलसुद्धा. फक्त बर्फावर जायचं नाही. पुन्हा गारठला, तर अख्खा पाय जाईल."

फुर्डिकीचा जीव भांड्यात पडला. इतका, की तिला हसूच फुटलं. तिनं पदराआड तोंड लपवलं, पण खांदे हलायचे ते हललेच. छोंगबा बघत होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर बाकावर बसल्यावर ती म्हणाली, "शिव्या घाल मला. तुझी बोटं चाललीत आणि मी हसले."

"घालतो की. मला हसायचं होतं, तर आधी तूच हसलीस."

"काय?"

"दोन वर्षं झाली, फुर्डिकी. बर्फाच्या भिंतीखाली गेलं की पाय लटपटतात माझे. हाताखालची पोरं मागून बघतायत, सरदार पुढून हाका मारतोय. नाही म्हणायला तोंडच उघडेना."

"मग मला सांगायचंस की, मेल्या! नऊ आठवडे जीव टांगणीला लावलास माझा!"

"तुला वाटलं असतं, नवरा भित्रा निघाला."

"भित्रा तर भित्रा, घरी तर निघाला असतास!" ती ओरडली. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. बघू देत. तिनं डोळे पुसले, नाक पुसलं आणि त्याच्या दंडावर एक चापट मारली.

इतक्यात फोन वाजला. आङ गेलूच. छोंगबानं घसा खाकरला.

"हो दादा, गेली. पाच हाडं. नाही, आता कधीच नाही!" आवाज असा खणखणीत, की जणू पोरगी झाल्याची बातमी देतोय.

फुर्डिकीनं त्याला कोपरानं ढोसलं. "जरा रडवेलं बोल ना!"