काकाच्या वाटेतला नाला

माझे बाबा टेकचंद आणि त्यांचा धाकटा भाऊ कैलाशकाका आठ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण गंभीर होतं. काकाच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत बाबांचं नाव मंडपवाल्याच्या खाली छापलं गेलं. बाबा लग्नाला गेले नाहीत. मंडपवाला गेला.

यंदा आमच्या दिघोरीच्या मंडईच्या आधी बाबा स्वतःच म्हणाले, कैलाशला बोलवू. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, सगळे सोयरे जेवायला येतात, आणि बोलावणं घरच्या कर्त्यानेच द्यायचं असतं. काका बपेऱ्याला राहतो आणि बाबांचा फोन उचलत नाही. म्हणून बाबांनी मला मेसेज सांगितला : मंडईले ये. चूक माहीच होती.

मला ते वीज बिलाच्या सूचनेसारखं वाटलं. मी मोबाईलमधल्या एआयला सांगितलं, जरा मन भरून येईल असं कर. त्याने चाळीस ओळी केल्या. मी पहिल्या चार वाचल्या, बऱ्या वाटल्या, पाठवून दिल्या.

मंडईच्या सकाळी काका आला आणि अंगणातच बाबांच्या पायावर पडला. मग आईला, शेजाऱ्यांना, जिलेबीवाल्याला सांगत सुटला, की पुराच्या नाल्यातून दादा मला खांद्यावर बसवून शाळेत न्यायचा. दादाने मेसेजात लिहिलं तेव्हा सगळं डोळ्यांपुढे आलं.

आमची शाळा घरासमोर आहे. मधे रस्ता आहे, आणि बहुतेक वेळा त्यावर एक म्हैस असते.

मी गुपचूप मेसेज काढून उरलेल्या छत्तीस ओळी वाचल्या. नाला होता. खांदाही होता. आई म्हणाली, भाऊजी, शाळा तं पहिल्यापासून इथंच आहे. काका म्हणाला, तेव्हा तिकडे असेल. जेवण झाल्यावर तो नाला बघायला निघाला. बाबा मागून, मी त्यांच्या मागून. चौकात दंडारीचं नाटक सुरू झालं होतं, पण कुणी थांबलं नाही.

काकाने दोन चर नापसंत केले. शेवटी बोडीच्या तळ्यातून धानाला पाणी जातं त्या पाटाशी थांबला. पाणी घोट्याएवढं होतं. हाच तो, म्हणाला, आणि डोळे पुसले.

बाबा काही बोलले नसते तर चाललं असतं. भाऊ परत मिळाला होता.

"कैलाश, मी तुले कधी खांद्यावर घेतलं नाही," बाबा म्हणाले. "ते या भूषणच्या मोबाईलनं लिहिलं. मी एवढंच म्हटलं होतं, का मंडईले ये, चूक माहीच होती."

मी म्हणालो, मी पूर्ण वाचलंच नव्हतं. तिथे ते फार उपयोगाचं वाक्य नव्हतं.

"एवढंच?" काकाने विचारलं.

"एवढंच."

"एवढ्यानं मी नसतो आलो, दादा."

"मले माहीत आहे. आता जायचं असंल तं जा."

काका गेला नाही. माझ्याकडे वळून त्याने विचारलं, हे डिलीट होते का? मी म्हणालो, होते, आणि मोबाईल काढला. "त्यातून नाही," काका म्हणाला आणि स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं. "इथून. मले दिसते ना बे ते पाणी. दादाचे कानही दिसतेत, वरून."

यावर मोबाईलकडे उत्तर असतं, आणि तेही चाळीस ओळींचं, म्हणून मी तो खिशात ठेवला.

"मंग खरं काय होतं ते तरी सांग," काका बाबांना म्हणाला. "एक तरी."

मला वाटलं, बाबांना काहीच आठवणार नाही.

"तुह्या नव्या चपला विहिरीत मी टाकल्या होत्या," ते शेवटी म्हणाले. "मले जुन्याच होत्या म्हणून. मार तू खाल्ला."

काकाचं तोंड उघडंच राहिलं.

"ते तू होता? मी पन्नास वर्षं बकरीवर संशय घेऊन राहिलो."

"बकरी कायले चपला विहिरीत टाकंल?"

"मलेही तेच समजत नव्हतं."

काका बांधावर बसला. चेहरा रागाचाच होता, आणि त्याने बाजूचं गवत हाताने दाबून बाबांसाठी जागा केली.

"बस," तो म्हणाला. "अजून काय काय केलं, ते सांग."