घोट्याएवढं पाणी

लोकांना विचारल्याशिवाय शहराचा आराखडा काढू नये, असं मी पुण्यात स्टेजवरून ठणकावून सांगते. टाळ्याही मिळतात. मग महाडच्या पुढच्या वीस वर्षांच्या आराखड्याचं काम आमच्या ऑफिसकडे आलं, आणि विचारायची वेळ आली ती माझ्याच गावाला. त्यात माझे बाबाही आले.

नगरपालिकेच्या सभागृहात मी भिंतभर नकाशा लावला. दोन हजार एकवीसच्या पुरात आपल्याकडे पाणी कुठवर चढलं, ते प्रत्येकाने आपल्या जागेवर लाल टिकली लावून शेजारी लिहायचं. दोन दिवस लोक आले, चहा प्यायले, टिकल्या लावून गेले. दुसऱ्या संध्याकाळी नकाशा वाचला आणि माझं डोकं फिरलं. जिथून माणसं पहिल्या मजल्यावरून होडीत उतरवली होती, तिथे 'गुडघाभर' लिहिलेलं. या नकाशावरून आमच्या गल्लीमागचं मोकळं मैदान जवळजवळ कोरडं ठरत होतं. नवी प्राथमिक शाळा त्याच मैदानावर येणार होती.

कारण उघड होतं. जास्त पाणी लिहिलं की जागा पूररेषेत जाते, आणि मग तिथे वाढीव बांधकामाला परवानगी मिळत नाही. हे अख्ख्या बाजारपेठेला ठाऊक होतं. शिकलेली मीच काय ती बावळट.

बाबांच्या कापडदुकानावरही टिकली होती. शेजारी त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'घोट्याएवढं'. पुराच्या दिवशी ते दुकानाच्या माळ्यावरून माझ्याशी बोलत होते आणि फोन बंद पडला. पुढचे अठरा तास पुण्यात मी कसे काढले ते माझं मला माहीत.

मी तडक दुकानात गेले. बाबा कापड मोजत होते. मान वर न करता म्हणाले, सगळ्यांनी लिहिलं तेच मी लिहिलं. शाळेचं काय, विचारलं तर म्हणाले, जोतं उंच घ्या, तू आर्किटेक्ट ना? त्यांना दुकानावर एक मजला चढवायचा आहे, माझ्यासाठी. 'वैदेही, आर्किटेक्ट' अशी पाटी रंगवून कापडाच्या ठाणांमागे ठेवलेली आहे. ती मला दिसत होती, म्हणून जास्तच राग आला. भांडण तिथेच टाकून मी बाजारात चालत सुटले. भिंतींवरची चिखलाची रेघ कुठेच उरली नव्हती. जो तो फिकट पिवळा रंग मारून मोकळा झाला होता.

तिसऱ्या दिवशी नकाशा कायम करायची सभा होती. बाबा मागच्या रांगेत बसले होते. मुख्याधिकारी सही करणार एवढ्यात ठकूबाई उभी राहिली. ती पोलादपूरच्या वरच्या वाडीतली, आमच्या दुकानाच्या पायरीवर भाजी विकते.

"मला पन एक टिकली द्या," ती म्हणाली. "मी व्हते ना शेटच्या माळ्यावर. शेटनी लुगडं खाली सोडून मला वर वढली. भाजीची पाटी गेली, मी ऱ्हायले. घोट्याएवढंच पानी आसतं तर मी चालत घरी नसते गेले?"

कुणी हसलं नाही. मुख्याधिकाऱ्यांनी तिला समजावलं की शहराच्या हद्दीत ज्यांची जागा आहे त्यांनीच टिकली लावायची, तसा नियम आहे. नियम माझाच होता. नदी वरून, पोलादपूरकडून येते, आणि तिकडच्या एकाही माणसाला मी विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

ठकूबाई खाली बसली. "बरं गो बाय," एवढंच मला म्हणाली.

तेव्हा आठवलं. गेल्या दिवाळीत बाबांनी दुकान माझ्या नावावर केलं होतं. हद्दीत माझी जागा होती. मी टिकली घेतली, बाबांच्या टिकलीवर चिकटवली आणि लिहिलं, 'माळ्यापर्यंत'. मागे वळायचा धीर होईना.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. टिकली काढतील असं वाटलं. चष्मा पुसून त्यांनी माझं अक्षर वाचलं.

"आता मजला होणार नाही," ते म्हणाले.

"नाही होणार, बाबा."

त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं.

"मग चुकीचं कशाला लिहितेस? माळ्याच्या फळीवर वीतभर पाणी होतं. ठकूबाईला विचार, आम्ही दोघं ठाणांवर उकिडवे बसलो होतो."

'माळ्यापर्यंत' खोडून त्यांनी सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं, 'माळ्यावर वीतभर'. मग पेन तसंच उघडं धरून ते सभागृहाकडे वळले, आणि पुढच्या रांगेतल्या आमच्या शेजाऱ्यासमोर, औषधांच्या दुकानवाल्या अनिलकाकांसमोर, त्यांनी ते पुढे केलं.