उपासाची कढई

मी एक जुनी लोखंडी कढई आहे, मित्रांनो, आणि तीही उपासाची. कांदा-लसूण मला कधी शिवलेला नाही. चाकणच्या बाजारात गवराबाईंनी मला लोहाराकडून घेतले आणि त्यांची सून सुमनताई चिंचवडला राहायला निघाली, तेव्हा तिच्याबरोबर मला धाडून दिले. तेव्हापासून मी इतर भांड्यांपासून वेगळी, वरच्या फळीवर पालथी असते.

सुमनताईंचे उपास पुष्कळ. सोमवार, गुरुवार, शनिवार, शिवाय चतुर्थी आणि एकादशी. देवपूजा झाली की मी शेगडीवर चढायची. तूप, जिरे, मिरची, बटाटा, भिजवलेला साबुदाणा. दुपारी बटाट्याचा कीस, संध्याकाळी शिंगाड्याचा गोड शिरा. त्यांचे यजमान उद्धवराव स्वतः उपास करत नसत, पण खिचडीचा डबा मात्र कंपनीत नेत. त्यांच्या शिफ्टमधली माणसे विचारत, "वहिनींचा पुढचा उपास कधी, राव?" हे त्यांनी घरी येऊन सांगितले की मी मनात फुलून जायची.

यंदा श्रावणात गवराबाई राहायला आल्या. सुनेचे ताट पाहून म्हणाल्या, "सुमन, ह्यो उपास हाय का लगीन?"

"आई, देवाला हे सगळं चालतं."

"देवाला चालतंय गं. तुला चालतंय का?"

त्याच महिन्यात तपासणीत सुमनताईंची साखर वाढलेली निघाली. मधुमेह झाला नव्हता, पण अगदी उंबरठ्यावर होता. माहेरी त्यांच्या आईची नजर याच दुखण्याने गेली होती. सुमनताई मला पुसून कागदात गुंडाळू लागल्या. "डॉक्टर आता उपास सोडा म्हणतील. ते माझ्याच्यानं होणार नाही हो."

"अगं, आधी विचारू तर," उद्धवराव म्हणाले.

दवाखान्यातून परतल्यावर सुमनताईंनी आधी माझा कागद काढला. "साधना डॉक्टर म्हणाल्या, व्रत सोडायला कोण सांगतंय? साबुदाणा, बटाटा आणि वर साखर, आठवड्यातून इतक्यांदा पोटभर, ते आवरा. दही, काकडी, भोपळा, शेंगदाणे घ्या. भगर थोडीच. एरवी ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी. आणि रोज चाला."

"म्हंजी माजंच म्हननं," गवराबाई म्हणाल्या. "माजी फी कुठाय?"

आता माझ्यात भोपळ्याची भाजी होते, कूट घालून. पहिल्या दिवशी तो डबा उघडला तेव्हा कंपनीत शोकसभाच भरली म्हणे. आता तोही चाटूनपुसून रिकामा येतो. खिचडी अगदीच बंद नाही. एकादशीला वाटीभर होते. संध्याकाळी सासू-सुना मंदिरापर्यंत चालत जातात. परवाच्या तपासणीत साखर थोडी खाली आली. जपायचे तर आहेच, पण व्रत एकही मोडले नाही.

मित्रांनो, मला घासून, कोरडे करून तेलाचा हात लावला तरच मी गंजत नाही. देहालाही अशीच रोजची निगा लागते. उपास जरूर करा, फक्त त्या दिवशीचे ताट एकदा नीट बघा. सुमनताई बघतात, आणि मगच हात जोडतात.