शेवंताचं बी.ए.

धोंडबाची पोरगी मॅट्रिक झाली तेव्हा कॅम्पातल्या मराठी आळीनं पोटभर पेढे खाल्ले. आणि पोरगी कॉलेजात इतिहास शिकणार म्हणाली तेव्हा त्याच आळीला हसू आवरेना. साल त्रेसष्ट. भिलाईत तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी फिटर, वेल्डर नाहीतर क्रेन. प्लँट वाढत होता, हाताचं काम येणारी माणसं पुरत नव्हती, आणि ही म्हणते इतिहास.

"इतिहासानं भट्टी पेटते का बे धोंडबा?" शेजारचा तेजराम वेल्डर रोज विचारायचा. "एवढा पैसा घालून पोरगी मेलेल्या राजायचे नावं पाठ करीन. अन् मंग? मंग काय करीन?"

धोंडबा प्लँटात खलाशी. अवजड लोखंड साखळदंडानं उचलायचं आणि जागेवर बसवायचं, एवढं त्याला येत होतं. पण पोरीला हे वेड लावलं कोणी, ते मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानंच. छप्पन साली दसऱ्याला त्यानं नागपूरला बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, तेव्हा अकरा वर्षांची शेवंता त्याचं बोट धरून होती. पुढच्या वर्षी पोट भिलाईला घेऊन आलं. तेव्हापासून दर दसऱ्याला आळी जमायची, धोंडबा उभा राहून त्या दिवसाची हकिकत सांगायचा, आणि दर वर्षी ती थोडी फुगवायचा. एका वर्षी पोरगी भर सभेत उठली.

"बा, तुमी गाडीच्या टपावर नोयते बसले. आपण डब्यात होतो. तुमाले जागा बी भेटली होती."

सभा खो खो हसली. धोंडबाही हसला. खरं तर त्याचा ऊर भरून आला होता.

तर पोरीला शिकवायचं होतं, पण स्वस्तात. तिच्यामागं चार लहान तोंडं होती. म्हणून एका रविवारी तो दुर्गला कृष्णरावांकडे गेला. कृष्णराव स्टेशनात तिकीट बाबू, नागपूरकडचेच, आणि आळीतल्या कोणालाही अडलं की त्यांच्याच ओट्यावर जायचं अशी रीत पडलेली.

"रायपूरले हॉस्टेल लागन, ते सोडा," कृष्णराव म्हणाले. "नागपूरले तुमच्या लोकायले फीची सवलत आहे, पण ते महाराष्ट्र सरकारची, अन् तुमी बसले मध्यप्रदेशात. दुर्गलेच जाऊन-येऊन शिकू द्या. सगळ्यात सस्तं तेच. पण तेबी स्कॉलरशिपबिगर तुमच्यानं झेपत नाही."

"मंग काढून द्या न स्कॉलरशिप."

कृष्णराव थोडे अडखळले. "ते शेड्यूल कास्टले आहे, धोंडबा. महार असंन तर भेटते. बौद्ध असंन तर नाही."

धोंडबाला तोंडात मारल्यासारखं झालं. शेवंताला भिलाईच्या शाळेत घातलं तेव्हा हेडमास्तरांनी सवयीनं जातीसमोर महार लिहिलं होतं. धोंडबानं ते खोडायला लावून तिथे बौद्ध लिहून घेतलं होतं आणि छाती काढून बाहेर पडला होता. मग आळीतलं एकेक दार ठोठावून त्यानं सगळ्यांच्या पोरांचं बदलून घेतलं. फक्त चंपत बधला नाही. चंपतनं पोराचं, विजयकुमारचं, महार तसंच राहू दिलं आणि पुढं त्यावर स्कॉलरशिप घेतली. तेव्हा धोंडबानं सभा बोलावली. आजपासून चंपतच्या घरचं पाणी बंद, असं ठरलं. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कोणी पाण्याला शिवू दिलं नाही, त्यांनीच हे ठरवलं, आणि पहिला हात धोंडबाचा वर गेला. ही अक्कल त्यांनी कुठून उचलली हे सांगायला नकोच.

घरी बायको पंचफुला म्हणाली, "जाऊ द्या न. नर्सिंगच्या ट्रेनिंगले पयल्या मयन्यापासून पैसे भेटते म्हणतेत. पोरगी पायावर उभी राहीन."

शेवंता दाराशी बसून मॅट्रिकचं इतिहासाचं पुस्तक वाचत होती. परीक्षा होऊन निकाल लागला तरी ते पुस्तक तिच्या हातून सुटलं नव्हतं. धोंडबाला ते बघवेना. दुसऱ्या दिवशी ड्यूटी सुटल्यावर तो सरळ चंपतच्या दारात जाऊन उभा राहिला. तहसिलीतून जातीचा दाखला काढायचा तर त्याच जातीचे दोन साक्षीदार लागत, आणि आळीत आपण महार म्हणून सही करणारी दोनच माणसं उरली होती. दोन्ही याच घरात होती.

चंपतनं सवयीनं पाण्याचा गिलास आणला, मग काहीतरी आठवून तो तसाच मागं घेतला.

"दे," धोंडबा म्हणाला आणि घटाघटा प्यायला.

चंपतनं सगळं ऐकून घेतलं. "येतो मी," तो म्हणाला. "विजयलेबी आणतो. तुमी फिकर नोका करू भाऊ, पोरीले शिकू द्या." त्यानं एखादी शिवी हासडली असती तर धोंडबाला बरं वाटलं असतं. इतक्या वर्षांत एवढी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

तहसिलीत बाबूनं जात विचारली. धोंडबा पुटपुटला. "ज़ोर से बोलो," बाबू म्हणाला. धोंडबा जोरात म्हणाला, "महार," आणि सांगितलं तिथं त्यानं अंगठा नाही, सही केली. सही करायला तो दीक्षेनंतरच शिकला होता. घरी यातलं त्यानं काही सांगितलं नाही.

कॉलेजात मात्र सोबत शेवंता होती. खिडकीतल्या बाबूनं मॅट्रिकचं सर्टिफिकेट आणि तहसिलीचा दाखला शेजारी शेजारी ठेवले.

"इसमें बौद्ध, इसमें महार। लड़की असल में क्या है?"

शेवंतानं दाखला ओढून वाचला. खाली बापाची सही होती. तिचा चेहरा असा उतरला की धोंडबानं नजर दुसरीकडे वळवली.

बाबू माणूस वाईट नव्हता. "लिख के दे दो कि स्कूल ने गलती से बौद्ध लिख दिया," तो म्हणाला. "बाप भी लिखे, लड़की भी लिखे। हम आगे भेज देंगे, हो जाएगा।"

धोंडबानं झटकन टाक उचलला. आता मागं फिरण्यात काय अर्थ होता? एकदा नाक घासलंच होतं, आणखी एकदा घासलं असतं. पण शेवंतानं त्याच्या हातून टाक काढून घेतला आणि परत दौतीशेजारी ठेवला.

"गलती नोयती बा," ती म्हणाली. "मी होती तिथं."

परतीच्या गाडीत शेवंता खिडकीबाहेर बघतच बोलली, "मले इचारलं कावून नाही?"

"तू नाही म्हटलं असतं."

"म्हंजे तुमाले मालूम होतं."

आपण गमावायचं तेवढं गमावलं आणि पदरात काही पडलं नाही, हे धोंडबाला भिलाई यायच्या आत कळून चुकलं.

शेवंता नर्सिंगला लागली. आळीनं पुन्हा पेढे खाल्ले. आता कोणी हसलं नाही, उलट पोरीला अक्कल आली म्हणाले. इतिहासाचं पुस्तक तिनं धाकट्या भावाला देऊन टाकलं. दाखल्याची गोष्ट मात्र लपून राहिली नाही. तहसिलीत त्या दिवशी आळीतलं कोणीतरी होतंच. तेजरामची बायको एक दिवस आली, पंचफुलानं पाणी पुढं केलं, तर तहान नाही म्हणाली. मग बाकीच्यांचीही तहान गेली. नियम धोंडबाचाच, तो तक्रार कोणाकडे करणार?

दसरा आला. आळी जमली. वंदना झाली आणि दर वर्षीप्रमाणे हकिकतीची वेळ झाली, पण धोंडबाला कोणी बोलावलं नाही. तो मागं, चंपतच्या शेजारी बसला होता. सगळे एकमेकांकडे बघू लागले तेव्हा शेवंता उठली. ट्रेनिंगचं पांढरं पातळ तिनं नेसलं होतं.

"आमी डब्यात होतो," तिनं सुरुवात केली. "माह्या बाचा पांढरा सदरा उसना होता. मायनं मले चालता चालता भाकर दिली. लोक एवढे होते का मले निरे पाय दिसत होते." मग ती भिलाईला आली, शाळेत आली, खोडून लिहिलेल्या जातीपाशी आली. आळी कौतुकानं ऐकत होती. ती थांबली नाही. "मंग माह्या बानं चंपतकाकाचं पाणी बंद केलं. तुमी सगळ्यायनं हात वर केले. मीबी चंपतकाकाच्या घरी जाणं सोडलं. यंदा माह्या शिक्षणासाठी बानं तहसिलीत जाऊन सांगतलं का मी महार. दोनदा सांगतलं. शिक्षण भेटलं नाही. आता तुमी आमचं पाणी बंद केलं." आणि ती खाली बसली.

तेजराम चटईच्या काड्या उपटत बसला. धोंडबाला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण गडप व्हावं. पण त्याहून एक गोष्ट त्याला जास्त लागली. पोरीनं काही फुगवलं नव्हतं, काही झाकलं नव्हतं. बापाला वाचवलं नव्हतं, आळीला सोडलं नव्हतं आणि स्वतःलाही वगळलं नव्हतं. हिला कॉलेजात पाठवायला पाहिजे होतं, एवढंच त्याच्या मनात आलं, आणि सगळ्यांच्या देखत त्याला हुंदका फुटला.