रिकाम्या जागेतली चिठ्ठी

कल्पना करा, तुमच्यासमोर एक जुना लॅपटॉप उघडा आहे. त्याची दोन-तीन बटणं झिजून गुळगुळीत झालीत. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात वायफायची ती पंख्यासारखी खूण असायला हवी, पण तिथे काहीच नाही. सेटिंग उघडली की एकच ओळ दिसते : वायफाय अडॅप्टर सापडले नाही. आता आणखी एक कल्पना करा. ही गडबड तुमच्याच हातून झाली आहे, आणि ज्याला ते सांगायचं होतं तो माणूस आता या जगात नाही.

झाली कल्पना करून? मग अमरावतीतल्या एका लहानशा घरात, बारा वर्षांच्या तुबाशेजारी जरा सरकून बसा.

लॅपटॉप तिच्या मोठ्या भावाचा, साजिदचा. साजिद जुने, टाकून दिलेले लॅपटॉप दुरुस्त करायचा. त्यात तो जे सॉफ्टवेअर घालायचा ते कोणा एका कंपनीच्या मालकीचं नव्हतं. जगभरच्या माणसांनी ते मिळून लिहिलं होतं, आणि कोणीही ते उघडून आत कसं काम चालतं ते पाहू शकत होतं. तुबालाही त्याने त्यातलं बरंच शिकवलं होतं. घरात नियम मात्र एक होता : मी जवळ असल्याशिवाय अपडेट करायचं नाही.

त्या सोमवारी साजिद सकाळीच अकोल्याला गेला. तिथे एका दुकानात ऑफिसांमधून निघालेल्या लॅपटॉपचे सुटे भाग मिळत; दर सोमवारी त्याची ती फेरी असे. दुपारी तुबाने लॅपटॉप सुरू केला. आधीच उतरवून ठेवलेलं अपडेट वाट पाहत होतं, आणि पडदा विचारत होता, करू का? तुबाने ‘होय’ दाबलं. लॅपटॉप बंद होऊन पुन्हा सुरू झाला, आणि कोपऱ्यातली खूण गायब.

संध्याकाळी साजिदचा फोन आला. अंगात ताप आहे, आज इथे अकोल्यातच फुफीकडे, म्हणजे आत्याकडे, राहतो, म्हणाला. मग आपण होऊनच म्हणाला, “अन् तुबा, वायफायचं टेन्शन नको घेऊ. मी आलो की पाहतो.”

त्याला कळलं कसं? तुबा नुसतं “हो” म्हणाली. आपण काय केलं ते उद्या सांगू, असं तिने ठरवलं. उद्या तो दवाखान्यात होता. शनिवारी घरी आला तो बोलण्यापलीकडे गेलेला.

आता उद्या चाळिसावा दिवस. माणूस गेल्यानंतर चाळिसाव्या दिवशी घरात फातेहा, म्हणजे त्याच्यासाठी प्रार्थना, होते, आणि तुबाच्या घरी त्याच दिवशी त्याच्या वस्तू गरज असलेल्यांना देत. साजिदचे कपडे बांधून ठेवले होते. लॅपटॉप जवळच्या भातकुली गावातल्या निखतला जायचा होता. निखत बारावीला, तिचे धडे नेटवरून चालत. उद्या तिचे अब्बा न्यायला येणार होते.

“बंद पडलेली चीज देऊ नये,” आबेदा, म्हणजे तुबाची अम्मी, म्हणाली. “त्याचं नाव खराब होते. नत्थुजी सरांले बोलावून आण.”

नत्थुजी सर दोन गल्ल्या पलीकडे राहत. शाळेत त्यांनी साजिदला विज्ञान शिकवलं होतं, आणि निवृत्त झाल्यावर साजिदने त्यांना कॉम्प्युटर. दुपारी ते आले, चष्मा पुसला आणि चटईवर मांडी घालून बसले.

“तुहा भाऊ मले म्हणे, सर, तुमी शिष्य लय हळू आहा,” ते म्हणाले. “मी म्हटलं, लेका, तू सातवीत कोणतं हरीण होता? सांग तुबा, काय झालं?”

तुबा खाली पाहत म्हणाली, “वायफाय दिसून नाही राहिलं.”

“कधीपासून?”

आत अम्मी तांदूळ निवडत होती. सुपाचा आवाज थांबला.

“मी अपडेट केलं, सर. भाई नव्हता तरी केलं.” मग बांध फुटल्यासारखं सगळंच बाहेर आलं. फोन, ताप, न सांगितलेली गोष्ट. “त्याले बरं नव्हतं, अन् त्यातही तो माह्या चुकीचा विचार करत होता.”

सरांनी लगेच समजूत घातली नाही. ते म्हणाले, “असं झालं असंल किंवा नसंल. आपून पाहू. त्याची वही आण.”

साजिदची शंभर पानी वही होती. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं : आधी पाहा, मग हात लावा.

त्यांनी आधी पाहिलं. वायफाय बंद करायचं बटण चुकून दाबलं गेलं होतं का? नाही. मग सरांनी लॅपटॉप पुन्हा सुरू केला. सुरुवातीच्या यादीतून त्यांनी सॉफ्टवेअरचा अपडेटच्या आधीचा, जुना गाभा निवडला. नवा बिघडला तर जुन्यावर परतता यावं म्हणून हे सॉफ्टवेअर तो जपून ठेवतं. तुबा कोपऱ्याकडे पाहत राहिली. खूण आली नाही.

“आता मले सांग,” सर म्हणाले, “अपडेटनं बिघडलं असतं, तर जुन्यावर काय व्हायले पाहिजे होतं?”

“चाललं पाहिजे होतं.”

“मंग?”

तुबाला उत्तर दिसत होतं, पण त्याच्यावर पाय ठेवायची भीती वाटत होती.

सरांनी तिच्याकडून पडद्यावरच्या काळ्या खिडकीत एक आज्ञा टाइप करून घेतली. मशीनच्या आत काय काय जोडलेलं आहे त्याची यादी पडद्यावर आली. साजिदने हीच यादी लॅपटॉप चांगला असताना वहीत उतरवून ठेवली होती. तुबा वहीतल्या ओळीवर बोट ठेवी आणि सर पडद्यावर ती शोधत. आवाजाचं आहे. चित्राचं आहे. वायरने नेट जोडायचं आहे. मग वहीतली एक ओळ आली, आणि पडद्यावर तिची जोडीदार सापडेना.

“वायफायचं कार्ड,” तुबा म्हणाली.

“नीट समजून घे. सॉफ्टवेअर बिघडलं असतं, तर कार्डाचं नाव इथं दिसलं असतं. फक्त काम झालं नसतं. पोरगा वर्गात आहे, पण त्याले प्रश्नच समजत नाही, तसं. इथं तर हजेरीलेच कोणी नाही. पेचकस आण बरं.”

लॅपटॉप बंद करून त्यांनी तो फडक्यावर पालथा घातला. एकेक स्क्रू काढून तुबाने बशीत ठेवला. मागचं झाकण निघालं. आत, जिथे नखापेक्षा थोडं मोठं हिरवं कार्ड असायचं, ती जागा रिकामी होती. काळी आणि पांढरी अशा दोन बारीक वायरी चिकटपट्टीने नीट बाजूला बसवलेल्या. आणि रिकाम्या जागेत एक घडी केलेला कागद.

तुबाने तो कागद कशाचा ते न उघडताच ओळखलं. ही तर घरचीच रीत. मोहल्ल्यात कोणाकडे लग्न असलं आणि अम्मीचं मोठं पातेलं तिकडे गेलं, की फळीवर त्या जागी अम्मी कागद ठेवायची : पातेलं अमक्याकडे. साजिदने तेच उचललं होतं. एका मशीनचा भाग दुसऱ्यात गेला, की पहिल्याच्या पोटात चिठ्ठी. रिकामी जागा मुकी ठेवू नये, म्हणायचा.

“तूच वाच,” सर म्हणाले.

तुबाने वाचलं. “रविवार. कार्ड नत्थुजी सरांच्या लॅपटॉपमध्ये लावलं. त्यांचं जळालं. काकूंना दर रविवारी व्हिडिओवर नातवाला पाहायचं असतं. सोमवारी अकोल्याहून दुसरं आणतो.” शेवटची ओळ तिने बोट ठेवून वाचली. “तुबाला सांगायचं राहिलं आहे.”

अम्मी दारात येऊन उभी होती.

सरांनी चष्मा काढला. “मले म्हणे, सर, घरी पडलंच होतं एक. माह्या घरवालीची, आशाबाईची, नजर कमी झाली. मोबाइलवर पोट्टं दिसत नाही तिले, म्हणून मी घाई लावली होती. म्हणजे तो माह्याचपायी अकोल्याले...”

“नाही सर,” अम्मी म्हणाली. “दर सोमवारी जायचा तो.” ती भिंतीला टेकून खाली बसली. “अन् ताप अकोल्याचा नव्हता. सकाळीच मी कपाळाले हात लावला होता. गरम होतं. म्हटलं, चहा पिऊन जा.”

एवढंच बोलून तिने पदर तोंडाला लावला. तुबा उठून तिच्याजवळ गेली. आपण चाळीस दिवस एक गोष्ट कोणाला सांगितली नाही, आणि या घरात त्या चाळीस दिवसांत अम्मीनेही एक सांगितली नव्हती. आणि भाईनेही, कागदावर का होईना, लिहून ठेवलं होतं की सांगायचं राहिलं आहे. मग तो फोनवर जे म्हणाला ते तिला माफ करणं नव्हतंच. तो स्वतःच काढून नेलेल्या कार्डाबद्दल बोलत होता. हे कळून तुबाला हलकं वाटायला हवं होतं. पण तिला एवढंच वाटलं, की आता भाई नाही, तर हे हसत हसत कोणाला सांगायचं?

सर उठले, घरी गेले, आणि आपला लॅपटॉप काखेत घेऊन आले. स्क्रू तुबानेच काढले. कार्ड निघालं. भावाच्या लॅपटॉपात तिने ते तिरकं सरकवून अलगद खाली दाबलं, चिकटपट्टी सोडवून काळी वायर आणि पांढरी वायर आपापल्या टोकाला बसवली. झाकण लावलं, बटण दाबलं.

पडदा उजळला. थोड्या वेळाने कोपऱ्यात ती पंख्यासारखी खूण आली.

“भाई, आलं,” तुबा म्हणाली. तोंडातून गेलं ते गेलं. अम्मीने ऐकलं, सरांनी ऐकलं, दोघंही खूण पाहत राहिले.

“येत्या रविवारी काकूचा फोन कसा होईल?” अम्मीने विचारलं.

“एक रविवार मी तोंडानं सांगीन तिले, पोट्टं कसं दिसते ते,” सर म्हणाले, आणि आपल्या लॅपटॉपचं झाकण लावायला घेतलं.

“थांबा सर,” तुबा म्हणाली.

साजिदची चिठ्ठी तिने आधीच्याच घडीवर मोडून आपल्या कंपासपेटीत ठेवली. मग त्याच्या वहीतल्या शेवटच्या कोऱ्या पानाचा तुकडा फाडला, पेन घेतलं, आणि सरांच्या लॅपटॉपावर ओणवं होऊन लिहिलं : कार्ड निखतआपाच्या लॅपटॉपमध्ये गेलं. अम्मीला घेऊन सोमवारी अकोल्याहून दुसरं आणते. तुबा.

कागदाची घडी करून तिने तो रिकाम्या जागेत ठेवला, वर चिकटपट्टी लावली, आणि तिच्या कडा नीट बसेपर्यंत अंगठ्याने दाबून धरल्या.