डाव्या कडेनं आलेला हात

"मूठ पुढं करायची, पातं आपल्याकडं ठेवायचं. कोयता कुणाला देताना हे इसरू नगंस."

कागलच्या बाजारात गुंडू लोहाराने नेमगोंडाला हे सांगितले, तेव्हा माझे अंग अजून गरम होते. त्यानंतर किती वर्षे गेली, पण तो आवाज माझ्या पोलादातून गेला नाही.

मित्रांनो, मी एक जुना कोयता आहे. माझा जन्म काही लाडाकोडात झाला नाही. आधी मी ट्रकच्या खालचा पाटा होतो. गगनबावड्याच्या घाटात तो ट्रक दरीत गेला आणि चेपून, पिळवटून भंगारात आला. गुंडूने मला भट्टीत लाल केले, ऐरणीवर धरले आणि घण घातला. मी वाकलो की पुन्हा घाव, सरळ झालो की पुन्हा घाव. शेवटी पाण्यात बुडवले तेव्हा मी जो चर्र ओरडलो, तो ऐकून बाजारातले कुत्रे पळाले होते म्हणे.

एवढा मार खाऊन मी गेलो कुठे, तर मुंगीलाही जपणाऱ्या घरात. नेमगोंडा पाटलाचे घर जैन. त्याची बायको, पद्मावतीवहिनी, पाणी गाळल्याशिवाय हंड्यात ओतत नसत. दिवस मावळायच्या आत जेवणे उरकायची आणि मावळल्यावर पाण्याचा थेंबसुद्धा तोंडात घालायचा नाही, हा दोघांचा नेम. अशा घरात माझ्यासारख्या धारदाराचे काय काम, असे तुम्हांला वाटेल. पण उसाचे शेत होते, दावणीला बैल होते आणि रोजची वैरण तोडावीच लागे.

नेमगोंडा फडात शिरला की आधी माझी पाठ उसावर आपटायचा आणि हाक द्यायचा, "जित्राब असशीला तर सरका रं बाबांनो!" उंदीर, सरडे, कधी एखादी धामण सळसळत निघून जायची. मग तो डाव्या हाताने ऊस धरायचा आणि उजव्या हाताने मला बुडाशी घालायचा. खाच्! एका घावात ऊस आडवा. लोक म्हणायचे, "कोयता असावा तर पाटलाचा!" मला फार बरे वाटायचे.

शेजारचा फड पायगोंडाचा, म्हणजे नेमगोंडाच्या धाकट्या भावाचा. मध्ये बांध. बांधावरची उसाची एक ओळ कुणाची, यावरून दोघांत कुरबूर होती. ती कुरबुरीवरच राहिली असती. पण त्याच सुमारास नेमगोंडाच्या वागण्यात एक विचित्रपणा आला. डावीकडून कुणी आले तर त्याला पत्ताच लागत नसे. एकदा पायगोंडाच्या बायकोने डाव्या बाजूने पाण्याचा तांब्या पुढे केला. नेमगोंडाचे कोपर लागून तांब्या उडाला आणि तिच्या पायावर आदळला.

"अण्णानं माझ्या हातचं पानी उडवलं!" तिने गावभर केले.

"पाटील माजलाय," पारावरचे लोक म्हणायचे. "भाऊ जवळनं गेला तरी मान वळवत न्हाई."

नेमगोंडाला यातले काही उमगत नव्हते. गावात डोळ्यांचे शिबिर झाले होते, तेव्हा त्याला काचबिंदूचे औषध मिळाले होते. रोज झोपताना एक एक थेंब. पहिल्याच रात्री थेंब टाकला आणि काही वेळाने घशात कडू उतरले. तो दचकून उठून बसला. डोळ्यात टाकलेले औषध घशात आले! म्हणजे दिवस मावळल्यावर तोंडात काहीतरी गेलेच की. त्याने ती बाटली गोठ्याच्या वळचणीला, माझ्या शेजारी खोचून ठेवली. वहिनींनाही बोलला नाही. दुखत नव्हते, खुपत नव्हते, समोरचे लख्ख दिसत होते. मग नेम कशाला मोडायचा?

मित्रांनो, काचबिंदू असाच येतो. समोरची नजर शाबूत ठेवतो आणि कडेकडेने खात येतो.

मग तो दिवस आला. नेमगोंडा बांधाजवळ ऊस तोडत होता. पायगोंडा डावीकडून तरातरा आला.

"अण्णा, त्यो ऊस माझा हाय!"

"पुढच्या साली बघू रं."

"पुढच्या साली न्हाई, आत्ता! सोड त्यो ऊस!"

बोलता बोलता पायगोंडाने डाव्या कडेने हात घातला आणि उसाचे बुड पकडले. तो हात मला दिसला. नेमगोंडाला दिसला नाही. मी खाली येत होतो. घाव उसावर पडायचा, तो मनगटावर पडला.

हाडावर घाव बसताना होणारा आवाज उसासारखा नसतो. रक्ताची चिळकांडी पाल्यावर उडाली. पायगोंडा गुडघ्यावर बसला आणि ओरडला, "अण्णानं मला तोडलं! सख्ख्या भावानं मला तोडलं!"

हात वाचला, पण दोन बोटे कायमची वाकडी राहिली.

पायगोंडाने पोलिसांत जायचे नाही म्हटले. त्याऐवजी कोडोलीहून त्याचे मेव्हणे जीप भरून आले. त्यांनी मोटारपंप दगडांनी फोडला, गोठ्याचे दार उखडले, दुधाची घागर चेचली. नेमगोंडा अंगणात हात खाली सोडून उभा होता. "मी बघून मारलं न्हाई," एवढेच तो म्हणत होता.

"मग काय डोळं मिटून मारलंस व्हय रं?" म्हणत एकाने काठी घातली. गळ्याजवळचे हाड कडाडले. वहिनी मध्ये पडल्या, तर दुसरी काठी त्यांच्या हातावर आली. बांगड्या फुटून मनगटात रुतल्या. तरी त्या माणसाकडे बघून त्या हळूच म्हणाल्या, "बास झालं आता. दिवस मावळायला आलाय. जेवून जावा."

काठ्या तिथेच थांबल्या. कुणी जेवले नाही, पण कुणी पुन्हा हातही उचलला नाही.

मला गोठ्याच्या वळचणीला खोचून ठेवले ते जणू कायमचेच. वैरण तोडायला नवा विळा आला. माझ्या पात्यावर गंज चढला. शेजारी ती औषधाची बाटली, तिच्यावर धूळ. दोन्ही भावांनी बांधावर काटेरी झुडपे आणून टाकली. वर्षे गेली.

एके दिवशी दुपारी नेमगोंडा बैलाला पेंड घालत होता. बैल मारका नव्हता. माशी उडवायला त्याने नुसती मान हलवली. शिंग डावीकडून आले आणि नेमगोंडाचा गाल कानापर्यंत फाडून गेले. रक्ताने बंडी भिजली. वहिनींनी पदराने गाल दाबून धरला आणि तसेच कोल्हापूरला दवाखान्यात नेले. टाके घालणाऱ्या डॉक्टरला शंका आली. एवढे मोठे शिंग या माणसाला दिसले कसे नाही? त्यांनी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे पाठवले.

परत आल्यावर दोघे गोठ्यातच बसले. त्यांच्या बोलण्यातून मला सगळे कळले. आपल्या डोळ्यात पाणी तयार होते आणि बारीक मोरीतून निघून जाते. ती वाट तुंबली की डोळ्यात दाब वाढतो आणि आतली नस मरत जाते. मेलेली नस परत येत नाही, पण औषधाने राहिलेली राखता येते.

"आणि त्या जनुकांचं काय सांगत होत्या?" नेमगोंडाने विचारले.

वहिनी म्हणाल्या, "अवं, उसाची कांडी लावली की तसाच ऊस उगवतो. माणसाचं तसं न्हाई. अर्धं आईकडनं, अर्धं बापाकडनं, आणि प्रत्येकात जरा जरा फरक. त्यातला एखादा फरक ह्या दुखण्याला वाट करून देतो. ज्याच्याकडं असंल त्याला होईलच असं न्हाई, पण धोका जास्त. म्हणून तर तुमच्या आप्पांचं विचारत होत्या."

नेमगोंडाला आप्पा आठवले. त्याचे वडील शेवटी भिंती चाचपत चालायचे, उंबऱ्याला ठेचकाळून पडायचे. म्हातारपण म्हणून सगळ्यांनी सोडून दिले होते.

"सख्ख्या भावाला घेऊन येतो म्हणून तुम्ही बाईंना शब्द दिलाय," वहिनी हळूच म्हणाल्या.

"ज्याचा हात तोडला त्याच्या दारात कुठल्या तोंडानं जाऊ?"

"दिलेला शब्द ह्योबी नेमच हाय."

भावाकडे तो गेला नाही. पण औषध मात्र सुरू झाले. डॉक्टरबाईंनीच तोड काढून दिली होती. थेंब दिवस मावळायच्या आत, रोज ठरल्या वेळी टाकायचा आणि नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा बोटाने थोडा वेळ दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. एवढे साधे होते. त्याने आधी कुणाला विचारले नाही, म्हणून भावाचा हात जन्माचा अधू झाला.

एक दिवस काटेरी झुडपे चुकवत पायगोंडाची मुलगी दीपा गोठ्याशी आली. पोर घाबरली होती.

"मोठीआई, बाबांनी मोटारसायकल म्हशीवर घातली. गुडघा फुटलाय. म्हस कडेनं आली, दिसलीच न्हाई म्हणत्यात. आणि तसल्या पायानं म्हशीच्या मालकालाच मारायला धावलं!"

"मग मारलं का?"

"कुठलं! त्यो बाजूला सरला, तर ह्यांना त्योबी दिसंना. खांबाला बुक्की मारली."

वहिनींना हसू आले आणि लगेच डोळे भरले. पलीकडे नेमगोंडा पेंडीची पाटी घेऊन उभा होता. पाटी त्याच्या हातून सुटली.

"कडेनं आली आणि दिसली न्हाई?" त्याने पुन्हा विचारले. "खरं सांग, पोरी."

"खरंच, मोठंआप्पा."

मित्रांनो, मी लोखंड आहे. हात नेईल तिकडे मी जातो. पण हाताला वाट दाखवणारा डोळा कडेने विझत असेल, तर तो आपणहून सांगत नाही. तुमच्या घरात आजोबांना, वडिलांना, आत्याला काचबिंदू असेल तर बाकीच्यांनीही डोळे तपासून घ्या. आणि जवळून जाताना कुणी ओळख दिली नाही, तर त्याला माजलेला म्हणण्याआधी एकदा त्याच्या समोर जाऊन उभे राहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पूजा आटोपल्यावर, नेमगोंडाने मला वळचणीतून काढले. विटेच्या तुकड्याने गंज घासला. धार लावली नाही. वहिनी बघत होत्या.

"ह्यो कशाला?"

"त्याच्या हातात देतो. म्हणंल, अण्णानं मला बघून मारलं. म्हणू दे. मारायचं असलं तर मारू दे. पर आधी दवाखान्यात चल म्हणतो."

वहिनींनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्या त्याच्या डाव्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. बांधावरची काटेरी झुडपे नेमगोंडाने पायाने दूर सारली. माझी मूठ त्याने पुढे धरली होती आणि पाते स्वतःच्या पोटाकडे. समोर पायगोंडाचे दार उघडे होते. दोघेही सावकाश त्या दाराकडे चालू लागले.